विषय : वाळू गेल्याबाबत

मंडळी, जवळजवळ दीड महिना इथे काही लिहिलं नाही. दोघीतिघींनी फोन करून चौकशी केली. पुण्याच्या वन्संनी तर माझा गुडघा पुन्हा दुखावला असं गृहीतच धरलं. गुडघा आहे तसाच आहे. मी एक अर्ज लिहीत होते. एका पानाच्या अर्जाला दीड महिना का लागला, ते सांगायला आज बसले आहे.

ज्येष्ठातल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "बाई, मी उत्तनहून बोलते. ओळखलंत का?" आवाज ओळखला नाही, पण 'बाई' म्हणताना शेवटी किंचित लांबवायची लकब ओळखली. माझी जुनी विद्यार्थिनी. उत्तनहून एसटीने भाईंदरला शाळेत यायची. डब्यात बोंबील असला की मागच्या बाकावर बसून खायची, कारण पुढच्या मुली नाकं मुरडायच्या. आता तिला नातू आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

"बाई, आज पाऊणच्या भरतीला पाणी पडवीत आलं. बंधाऱ्यासाठी अर्ज लिहून द्याल का? तुमच्यासारखा कोणी लिहीत नाही."

आता 'पाऊणची भरती' म्हणजे काय, हे मला याच मुलीने चाळीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की तिथी मोजायची आणि तिला पाऊणने गुणायचं. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पाऊणकीचा पाढा पाठ करायला वर्ग कंटाळायचा तेव्हा ही उठून म्हणाली होती, "आमच्या घरी सगळ्यांना येतो, बाई." मीही कोकणातली, पण माझ्या घरी कोणी दर्यावर जाणारं नव्हतं. मला हे ठाऊक नव्हतं.

छत्तीस वर्षं मी मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवला आणि नववी-दहावीला अर्जलेखन घेतलं. मुलांना एकच सांगायचे. 'विषय' एका ओळीत मावला पाहिजे. मावत नसेल तर आपल्याला काय हवंय ते आपल्यालाच कळलेलं नाही. म्हणून मी लगेच 'हो' म्हटलं. फोन ठेवतानाच विषय डोक्यात तयार होता: 'घरांसमोर दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधून मिळण्याबाबत.'

दोन दिवसांनी तृतीया होती, म्हणजे भरती सव्वादोनला. सकाळी ओहोटीला पोचावं म्हणून भाईंदर पश्चिमेहून लवकरची बस धरली. वाटेत मिठागरं अजून दिसतात, पावसाळ्यात ती तळ्यासारखी भरलेली असतात. पूर्वी मी वर्गाची सहल याच रस्त्याने न्यायचे. चौकला उतरून धारावीच्या किल्ल्याचे अवशेष दाखवायचे, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या जागेचं काय महत्त्व होतं ते सांगायचे आणि मग मुलांना उत्तनच्या वाळूत सोडून द्यायचे. या मुलीच्या घरासमोर तेव्हा इतकी वाळू होती, की लंगडीचे दोन डाव एका वेळी चालायचे आणि तरी होड्या आणि बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव यांना जागा उरायची.

या वेळी गेले तर पडवीच्या पुढे चारपाच पावलांवर जमीन कापल्यासारखी संपत होती. खाली काळे खडक उघडे पडलेले. ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते, ते वाळूखाली असायचे. मांडवाचे दोन खांब आडवे झाले होते. मासेमारी बंदीचा काळ असल्याने होड्या वर ओढून ताडपत्र्यांनी झाकलेल्या होत्या, पण त्यांना जागा नसल्याने एक होडी चक्क गल्लीत, घराच्या खिडकीला टेकून होती. शेजारच्या घराने पोत्यांत माती भरून लावली होती. आदल्या दिवशीच्या भरतीने त्यातली निम्मी पोती फोडली होती.

तिने चहा दिला. म्हणाली, "वाळू पावसाळ्यात जातेच, बाई. नाताळपर्यंत परत येते. माझ्या आजीपासून असंच आहे. हल्ली जाते ती सगळी येत नाही."

घरी येऊन त्याच रात्री अर्ज लिहून काढला. चौदा घरं, इतकी माणसं, सलग पावसाळ्यांचं नुकसान, सबब विनंती की. झकास झाला होता. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, हयात पूल आणि धक्के बांधण्यात गेली. एखादा तांत्रिक शब्द चुकला असेल तर सांग, म्हणून त्याला फोनवर वाचून दाखवला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मावशी, शब्द सगळे बरोबर आहेत. पण भिंत बांधली की वाळू उरणार नाही, हे त्यांना माहीत आहे ना?"

मग त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. किनारा म्हणजे एका जागी पडलेला वाळूचा ढीग नव्हे. पावसाळी लाट उंच आणि घाईची असते. ती वाळू ओढून आत नेते आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा करते. पुढच्या लाटा त्या उंचवट्यावरच फुटतात, म्हणून किनाऱ्याला कमी मार बसतो. दिवाळीनंतर लाटा संथ होतात आणि तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. माझ्या विद्यार्थिनीच्या आजीला जे माहीत होतं तेच हे. शिवाय वाळू किनाऱ्याला धरून आडवीही सरकत असते, या गावची त्या गावाला जाते.

आता या खेळात उभी दगडी भिंत घातली तर काय होतं? लाट वाळूवर चढली की दमते आणि जिरते. भिंतीवर आपटली की मागे उसळते आणि जाताना भिंतीचा पायथा उकरते. समोरची वाळू खाली खाली जाते आणि काही वर्षांनी पायथाच उघडा पडून दगड ढासळतात. भिंत जिथे संपते तिथे लाटेचा जोर वळतो आणि पलीकडच्या जागेची धूप वाढते. म्हणजे चौदा घरांना भिंत मिळाली तर पंधराव्या घराचं काय, हा प्रश्न उरतोच.

हे ऐकताना मला माहेर आठवलं. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावाचा बंधारा आमच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्याआधी दगड टाकायचे आणि पावसाळ्यात समुद्राने ते न्यायचे, हे वर्षानुवर्षं चाललेलं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटत येऊन याच बंधाऱ्याला टेकलं होतं. फोटो पेपरात आले होते. माझी चुलत बहीण म्हणते, "बंधाऱ्याने घरं राहिली ग, पण आता किनाऱ्यावर जातो असं म्हणवत नाही. बंधाऱ्यावर जातो म्हणतो."

दुसरं उदाहरण चेन्नईचं. माझी धाकटी जाऊ तिथे असते, तिच्याबरोबर मरीना बीचवर फिरलेय. केवढी ती वाळू! मला वाटायचं ती मूळचीच तशी आहे. भाचा म्हणाला, १८७० च्या दशकात तिथे बंदराचे बांध समुद्रात घालायला सुरुवात झाली, दक्षिणेकडून येणारी वाळू बांधाला अडली आणि मरीना रुंदावत गेला. बंदराच्या उत्तरेला रॉयपुरमकडच्या कोळीवस्त्यांना ती मिळेना, तिथला किनारा खचत गेला आणि मग तिथे दगड टाकावे लागले. मी मात्र मरीनावर मजेत भेळ खाऊन आले होते.

"मग उपाय काय?" मी विचारलं. तसे बरेच आहेत म्हणाला. पाण्यात थोड्या अंतरावर बुडीत बांध घालून लाटेचा जोर आधीच मोडायचा. पाँडिचेरीत बंदराच्या बांधानंतर गेलेला किनारा अशाच प्रकारे काही अंशी परत आणला आहे. किंवा बाहेरून वाळू आणून ओतायची. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेग शहराजवळ दोन कोटी घनमीटरहून जास्त वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती लाटा-वाऱ्याने आपोआप पसरू दिली. कुठे तिवरं आणि किनारी झाडोरा राखायचा. आणि जिथे अजून बांधकाम नाही, तिथे करायचंच नाही, म्हणजे समुद्राला मागे-पुढे व्हायला जागा राहते. पण यातलं काहीही करायचं तर आधी तो सगळा किनारा एकत्र अभ्यासावा लागतो. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, तिथे बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती करून लाटा सोडून बघतात. "एका गल्लीचा उपाय एका गल्लीत नसतो, मावशी," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मला राग आला. त्याच्यावर नाही, पण आला. वाळू मुळात कमी का येते, हा प्रश्न राहिलाच होता. आणि त्याचं थोडं उत्तर माझ्या घरातच होतं.

आम्ही १९८३ मध्ये भाईंदरला हा फ्लॅट घेतला. इमारत बांधायला सुरुवात झाली होती, दर रविवारी आम्ही दोघं हौसेने बघायला यायचो. आवारात ओल्या रेतीचा डोंगर असायचा आणि त्यात शिंपले सापडायचे. आमचा मुलगा ते खिशात भरून न्यायचा. रेती वसईच्या खाडीतली. तेव्हा माणसं होडीतून जाऊन, बुडी मारून बादलीने रेती काढायची. पुढे सक्शन पंप आले आणि एका दिवसात पूर्वी महिन्यात निघत नसेल तेवढी निघू लागली. खाडीवरच्या रेल्वे पुलांच्या खांबांना धोका आहे, अशा तक्रारी रेल्वेने वारंवार केल्या. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या वाळू उपशावर बंदी घातली होती. पण पंप काही कायमचे थांबले नाहीत, धाडी पडल्याच्या बातम्या त्यानंतरही आल्या.

या खाडीच्या तोंडाशी एका बाजूला वसई आहे आणि दुसऱ्या बाजूला डोंगरी, चौक, पाली, उत्तन. नदी डोंगरातून वाळू आणते, खाडी ती समुद्राला देते आणि समुद्र किनाऱ्यांना वाटतो. वर भातसा आणि बारवी ही धरणं झाली. आपल्या नळाला पाणी येतं ते त्यांच्यामुळेच, मी काही धरणांना नावं ठेवणार नाही. पण धरण पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही अडवतं. उरलेली आपण खाडीतून उपसून भिंतींत घातली. आमच्या हॉलच्या भिंतीला दर पावसाळ्यात पांढरे क्षार फुटतात. रंगारी म्हणतो, रेती खारी होती. चाळीस वर्षं मी त्या भिंतीवर चिडत आलेय.

आणि वर समुद्रही चढतोय. भूगोल शिकवताना मी 'समुद्रसपाटीपासूनची उंची' हे शब्द हजारो वेळा उच्चारले. कळसूबाई १६४६ मीटर, महाबळेश्वर अमुक मीटर. सपाटी म्हणजे शून्य, ती हलत नाही, असंच मनात होतं. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. विसावं शतक संपेपर्यंत तिथे पाणी वर्षाला साधारण एक मिलिमीटर असं चढत गेलं. जगाची सरासरी बघायची तर १९०१ ते २०१८ मध्ये वीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. २००६ ते २०१८ या काळात वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. हे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालातले आकडे आहेत. ३.७ मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी, असं कोणी म्हणेल. पण वाळूचा किनारा उतरता असतो. पाणी एक सेंटिमीटर वर चढलं तर किनारा साधारण अर्धा ते एक मीटर मागे सरकू शकतो, असा ठोकताळा आहे. चारपाच पावलं शिल्लक असलेल्या पडवीला ते पुष्कळ झालं. त्यात वादळं. २००९ चं फयान, २०२० चं निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते. पूर्वी आम्ही वादळं म्हणजे बंगालच्या उपसागरातली, असं शिकवायचो.

महाराष्ट्राचा सुमारे एक चतुर्थांश किनारा १९९० ते २०१८ या काळात झिजल्याचं केंद्राच्या किनारा संशोधन संस्थेने मोजलंय. खाडीपलीकडे भुईगाव, कळंब, अर्नाळ्याला जाऊन आलेल्यांनी सुरूची मुळं उघडी पडलेली झाडं पाहिली असतील.

तर हे सगळं मनात घेऊन मी दुसरा अर्ज लिहिला. तीन पानी. विषयाची ओळच चार ओळींची झाली. तो घेऊन आषाढी पौर्णिमेच्या आधी पुन्हा उत्तनला गेले. ओसरीत दहाबारा जण जमले होते, पलीकडच्या गल्लीतली दोन माणसंही होती. मी मोठ्याने वाचला. भिंतीचे तोटे, वाळूचा प्रवास, अभ्यासाची मागणी, सगळं. कोणी मध्ये बोललं नाही. वर्गात असं कधी झालं नव्हतं.

वाचून झाल्यावर माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, सगळं खरं असेल. आम्हीपण घर बांधताना समोरचीच रेती घेतली होती, नाही कशाला म्हणू. तेव्हा संपेल असं वाटलं नव्हतं. पण अभ्यास होईपर्यंत माझी पडवी राहील का, ते सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. भाईंदरला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने हिला भिंत मागू नकोस म्हणायचं, याची मला मनातून लाज वाटली.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "तुमची भिंत झाली की लाट आमच्याकडे वळणार, हे बाई म्हणतायत ते बरोबर आहे. मागे तिकडे दगड टाकले तेव्हा आमचा कोपरा गेला." मग आवाज चढले. पूर्वीची लग्नं, होड्यांच्या जागा, सगळं निघालं. तासाभराने थंड झालं. कोणीतरी म्हणालं, मग दोन्ही गल्ल्यांचा मिळून अर्ज करू. आणि एका तरुण खलाशाने विचारलं, "भिंत सलग झाली तर होडी वर कुठून ओढणार? आणि बोंबील कुठे सुकवणार?" हा प्रश्न माझ्या तीन पानांत नव्हता, भाच्याच्याही बोलण्यात नव्हता.

त्या ओसरीत बसूनच तिसरा अर्ज झाला. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. त्यात चार मागण्या आहेत. ज्या घरांना पाणी लागलंय तिथे या पावसाळ्यापुरतं तात्पुरतं संरक्षण द्यावं. कायमचं काम करण्याआधी उत्तनपासून चौकपर्यंतचा किनारा एकत्र तपासावा आणि तपासणीत गावातल्या मच्छीमारांना बरोबर घ्यावं. जे बांधाल त्यात होड्या ओढायला उतार आणि मासळी सुकवायला जागा राखावी. आणि किनाऱ्यावरून, खाडीतून चोरून वाळू नेणाऱ्यांना आवरावं. किनाऱ्यावरची वाळू उचलायला सीआरझेडच्या नियमाने १९९१ पासून मनाई आहेच, नवीन काही मागत नाही, हेही लिहिलं.

विषय एका ओळीत मावला: 'घरासमोरील वाळू गेल्याबाबत.'

व्याकरणाने ही मागणी नव्हे, नुसती तक्रार झाली. नववीच्या पेपरात मी याचा अर्धा मार्क कापला असता. पण सगळ्यांना तीच ओळ पटली. एकतीस घरांच्या सह्या झाल्या. ज्यांना सही येत नव्हती अशा दोन आज्यांचे अंगठे मी शाईत बुडवून घेतले.

नारळी पौर्णिमेच्या आधी अर्ज देऊन पोच घेतली. पोचेवर शिक्का आहे. पुढे अजून काही झालेलं नाही. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पडवीच्या पायरीपर्यंत आलं आणि फिरलं, असा तिचा फोन होता. आता श्रावण अमावास्येची भरती बघायची, मग भाद्रपदातली. मग वारा पडला की वाळू यायला लागते. किती येते ते नाताळात मला फराळाला बोलावून दाखवणार आहे.

घरी आमचा रंगारी येऊन गेला. या वर्षी भिंत खरवडून पुन्हा गिलावा करू या म्हणाला. नवीन गिलाव्याला वाळू कुठली आणणार, असं मी त्याला विचारलं. हल्ली बरेच जण दगड दळून केलेली कृत्रिम वाळू वापरतात म्हणे. तो हसून म्हणाला, "आजी, तुम्हाला काय करायचंय, गुळगुळीत करून देतो." मी तूर्त नको म्हटलंय.

असो. तुमच्यापैकी कोणाचं घर, माहेर, आजोळ किनाऱ्याला असेल तर तिथली वाळू कुठपर्यंत होती आणि आता कुठपर्यंत आहे, ते जरूर लिहा. जुना फोटो असेल तर मागे समुद्र कुठे दिसतो तेही बघा. आमच्या १९८५ च्या सहलीचा एक फोटो मला सापडलाय. पंचेचाळीस मुलं तीन रांगांत उभी आहेत, मागे होडी आहे, होडीमागे मांडव आहेत, आणि समुद्र फोटोत आलेलाच नाही.